तेल कुठं अडलं?

कोल्हापूरहून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं की हंगामात कळ्याच्या अलीकडं-पलीकडं गुऱ्हाळांचा वास सुरू होतो. अशाच एका गुऱ्हाळाचे मालक आण्णा. आजोबांपासून गुळाचा धंदा. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्या बातमीचं कात्रण आण्णांनी गुऱ्हाळावरच्या खोलीत चौकट करून लावलं होतं. बराचसा माल शाहू मार्केट यार्डात सौद्याला जायचा. पण नुसत्या सौद्यावर विसंबून राहायचं नाही म्हणून त्यांनी कोकणातली गिऱ्हाइकंही जोडली होती. गुळाचे रवे भरून गाडी गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायची, वैभववाडी, कणकवलीला माल टाकायची आणि परतीला नारळाची पोती घेऊन तोच घाट चढून वर यायची.

गाडी डबल केबिनची डिझेल पिकअप, फोर बाय फोर. गगनबावड्याकडचा पाऊस आणि उसाच्या फडातला चिखल ज्यानं पाहिलाय, त्याला चारही चाकांना ताकद असलेली गाडी कशाला लागते ते सांगावं लागत नाही. आण्णांनी ती जास्तीचे पैसे मोजून, हौसेनं घेतली होती. आणि ती पहिल्या दिवसापासून चालवत होते बापू.

बापू वयानं आण्णांपेक्षा मोठे. बोलणं कमी, कान तीक्ष्ण. बारा वर्षांत त्यांनी गाडीला साधं खरचटू दिलं नव्हतं. त्यांची एकच सवय आण्णांना खटकायची. घाट चढून वर आल्यावर बापू टपरीसमोर गाडी उभी करायचे, पण चावी लगेच फिरवायचे नाहीत. दोन मिनिटं इंजिन संथ चालू ठेवायचे आणि मगच बंद करायचे.

आण्णा शेजारी बसलेले असले की हमखास म्हणायचे, “बापू, गाडी हुबी आन् इंजान चालू! डिझेल काय नदीतनं भरून आणताय व्हय?”

“आण्णा, चढ चढून आलीया. टर्बो आतनं लाल झालेला आसतोय. जरा निवू दे त्याला.”

“निवंल की बंद केल्यावर.”

बापू पुढं बोलायचे नाहीत. चावी फिरवायचे.

दुसरा वाद तेलाचा. ऑइल किती किलोमीटरला बदलायचं हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं होतं आणि बापूंना ते पाठ होतं. पण नेमकी ती वेळ हंगामात यायची. चुलवाण पेटलेलं, ऊस तोडून पडलेला, गिऱ्हाइकांचे फोन चालू. अशा वेळी गाडी दिवसभर गॅरेजात कोण ठेवणार? एकदा बापूंनी ऑइलची पट्टी ओढून फडक्यावर पुसली आणि ते फडकं आण्णांच्या समोर धरलं. डाग काळाकुट्ट होता आणि बोटाला चिकटत होता.

“आण्णा, हे आता तेल ऱ्हायलं न्हाई.”

“वरनं लिटरभर टाका. हंगाम उरकला की बदलू.”

हंगाम उरकला. मग पाऊस आला. मग दुसरा हंगाम आला. तेल वरून पडत राहिलं, खालचं निघालं नाही.

मग एके दिवशी घाटात बापूंच्या कानाला बारीक शिट्टी ऐकू आली. अॅक्सिलरेटर दाबला की वाढायची, सोडला की विरायची. बापूंनी सांगितलं. आण्णा म्हणाले, “गाडी जुनी व्हाय लागलीया, आवाज येणारच.” पुढच्या फेऱ्यांना ओढ कमी झाली. जो चढ गाडी दुसऱ्या गिअरवर हसत चढायची, तिथं ती पहिल्यावर कुंथायला लागली. मागं काळा धूर सुटू लागला. शेवटी साळवणच्या जवळ तिनं मानच टाकली. दोरखंड लावून ओढत शहरातल्या एका गॅरेजात आणावी लागली.

गॅरेजवाल्यानं हवेचा रबरी पाइप सोडला, आत बोट घालून टर्बोचा दांडा हलवून बघितला. दांडा खडखडला. “टर्बो गेला की ओ,” तो म्हणाला आणि सहज बोलून गेला, “ड्रायव्हर लई रेस करत आसंल.”

इथं टर्बो म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात बरीच ताकद शिल्लक असते आणि ती सायलेन्सरवाटे फुकट जाते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली याच वाया जाणाऱ्या ताकदीच्या वापरावर पेटंट घेतलं. एका दांड्याला दोन टोकांना दोन चक्रं. एक धुरानं फिरतं, त्याच्याबरोबर दुसरं फिरतं आणि ते बाहेरची हवा दाबून इंटरकूलरवाटे, म्हणजे ती थंड करणाऱ्या जाळीतून, इंजिनात भरतं. हवा जास्त म्हणून डिझेल चांगलं जळतं आणि लहान इंजिनही मोठ्या इंजिनाचं काम करतं. गंमत आहे ती वेगात. इंजिन मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेतं, तेव्हा हा बोटाएवढा दांडा 1 लाखाहून जास्त फेरे घेत असतो. आणि घाट चढताना त्याच्या एका टोकाला लागणारा धूर 600 ते 700 अंशांच्या घरात तापलेला असतो. एवढ्या वेगाला कसलंही साधं बेअरिंग टिकत नाही. दांडा तरंगत असतो तेलाच्या पातळ थरावर. ते तेल इंजिनाच्या पंपाकडून एका बारीक नळीनं येतं, दांड्याला तरंगत ठेवतं, त्याची उष्णता घेऊन खालच्या जाड नळीनं परत जातं. ही धार जरा जरी तुटली, तरी धातूला धातू लागतो.

हे आण्णांना त्या दिवशी माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची त्यांची इच्छाही नव्हती. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की ड्रायव्हर रेस करत असेल.

“बारा वर्सं गाडी चालवून हे केलंस व्हय तू?”

बारा वर्षांत पहिल्यांदा ‘तुमी’चं ‘तू’ झालं होतं. बापूंनी मान वर केली. “आण्णा, तेल—”

“तेलाचं मला सांगू नगंस. गाडी कुनाच्या हातात हुती?”

बापूंनी चावी टेबलावर ठेवली, केबिनमधला जेवणाचा डबा काढून घेतला आणि ते स्टँडच्या दिशेनं चालू लागले.

गॅरेजवाला तसा प्रामाणिक माणूस होता. तो म्हणाला, “आण्णा, टर्बो आसा आपोआप जात न्हाई. तेलाची नळी बघाय पायजे, इंटरकूलर काढून धुवाय पायजे, तेल समदं बदलाय पायजे. दोन दिस गाडी ठेवा.”

“रवे भरून ठेवल्यात. नवा टर्बो टाका आन् संध्याकाळी गाडी द्या.”

“निदान तेल तरी—”

“वरनं टाका.”

संध्याकाळी गाडी मिळाली. नवा कोरा टर्बो चकाकत होता. दोन दिवसांत नवा ड्रायव्हरही मिळाला. पंचविशीतलं पोरगं, चपळ, मालकानं ‘बंद कर’ म्हणायच्या आधीच चावी फिरवणारं. गाडी पुन्हा घाट पळत चढू लागली. आण्णा भेटेल त्याला सांगायचे, “ड्रायव्हर बदलला आन् गाडी सुधारली बघा.”

दीडेक महिन्यानं आण्णा स्वतः कणकवलीला वसुलीला गेले होते. परतीला गाडीत नारळाची पोती. करूळ घाटाचा मधला चढ चढत असताना मागून पांढरट निळा धूर सुटला. आधी वाटलं, धुकं आहे. मग इंजिनाचा आवाज आपोआप चढू लागला. पोरानं अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तरी आवाज चढतच होता. त्यानं क्लच दाबला, तर इंजिन किंचाळायलाच लागलं. घाबरून त्यानं हँडब्रेक ओढला, चावी फिरवली, काढून हातात घेतली. चावी हातात आणि इंजिन चालूच! बॉनेट थरथरत होतं, धुरानं मागचं वळण दिसेनासं झालं होतं. पोरगं दार उघडून बाहेर पळालं. त्याच्यामागं आण्णा.

मागून एसटी येत होती. तिच्या ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, हॉर्न वाजवून मागच्यांना थांबवलं आणि धावत येऊन पिकअपमध्ये चढला. ब्रेक दोन्ही पाय देऊन दाबल्यागत दाबला, गिअर पाचवा टाकला आणि क्लचवरचा पाय एकदम काढून घेतला. गाडीला मोठा हिसका बसला, पुढचं तोंड खाली दबलं आणि इंजिन गप्प झालं.

“चावीनं बंद हुणार न्हाई हे,” तो घाम पुसत म्हणाला. “डिझेल बंद झालं तरी स्वतःचंच ऑइल पितंय. टर्बोतनं तेल आत चाललंय. आनि दोन मिन्टं चाललं आसतं, तर इंजान फुटलं आसतं.” आण्णा आभार मानायला पुढं झाले, तोवर त्यानं एसटीत चढून गिअर टाकला होता. वेळेवर पोचायचं होतं त्याला.

या वेळी आण्णांना कुणीतरी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींचं नाव सांगितलं. कोल्हापूरच्या उद्यमनगराला खोलून बघायची परंपरा आहे. हे गावच तसं. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता इथंच स्वतःचा कॅमेरा घडवला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. जुन्या काळातल्या म्हादबा मेस्त्रींच्या करामती अजून इथल्या लेथवर काम करता करता सांगितल्या जातात. ओतकामाच्या भट्ट्या आणि ऑइल इंजिनं यांच्यावर हा भाग वाढला. इथल्या जुन्या मेस्त्रीला भाग कुठं विकत मिळतो यापेक्षा तो का मोडला याची उत्सुकता जास्त.

आण्णांनी गाडी दारात सोडली आणि म्हणाले, “मेस्त्री, आनि एक टर्बो मागवा. मागच्यानं डुप्लिकेट बसवला जणू. आन् पोराला बी बघतो मी आता.”

पोरगं कोपऱ्यात अंग चोरून उभं होतं. मेस्त्रींनी त्याच्याकडं एकदा बघितलं, चहा सांगितला आणि प्रश्न सुरू केले. पहिला टर्बो किती वर्षं चालला? दुसरा किती दिवस? ऑइल कधी बदललं? घाट चढल्यावर गाडी लगेच बंद करता का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आण्णांनी झटक्यात दिली. पुढच्या दोन प्रश्नांना ते चहा पीत राहिले.

मेस्त्रींनी टर्बोला हात लावला नाही. आधी पान्यानं क्रँक हातानं फिरवून बघितला. इंजिन अडकलेलं नव्हतं, नशीब. मग त्यांनी टर्बोला वरून तेल देणारी बारीक नळी टर्बोच्या बाजूनं सोडली, तिचं तोंड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घातलं, इंजिन सुरू होऊ नये अशी तजवीज केली आणि आपल्या शिकाऊ पोराला म्हणाले, “बारक्या, मार स्टार्टर.”

स्टार्टर घरघरला. बाटलीकडं चौघांचेही डोळे. काहीच नाही. थोडा वेळ थांबून पुन्हा मारला. मग नळीच्या तोंडाशी एक काळा थेंब जमला, लोंबकळला आणि पडला. बऱ्याच वेळानं दुसरा.

“बघितलासा? हितं धार पडाय पायजे. एवढ्या वेळात बाटलीचा बूड भरला आसता.”

त्यांनी नळी पूर्ण सोडवून घेतली, शिकंज्यात धरली आणि तापलेल्या मॅनिफोल्डजवळून जिथं ती वळत होती नेमकं तिथं करवतीनं कापली. तुकडा आण्णांच्या तळहातावर ठेवला. बाहेरून नळी ठणठणीत होती. आतल्या भोकात कोळसा जमला होता, कडक आणि चकचकीत. मधे राहिलेल्या वाटेतून सुई कशीबशी गेली असती. नळीच्या तोंडाच्या पोकळ बोल्टची भोकंही तशीच बुजलेली.

“हे आलं कुठनं?”

“तुमचंच तेल. जुनं, मेलेलं तेल. घाट चढून गाडी आली आन् गप्पकन बंद केली की पंप थांबतो, तेल जाग्यावर ऱ्हातं, आन् टर्बो तर लाल झालेला. मग ते तितंच करपतं. रोज एक पापुद्रा. नळी एका दिसात न्हाई बुजली, आण्णा. वर्सं लागली तिला.”

आण्णा तुकडा फिरवून फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, “पर नवा टर्बो दीड महिन्यात कसा गेला?”

मेस्त्रींनी उलटा प्रश्न केला. “तुमचं गुऱ्हाळ हाय नव्हं? एखाद्या आधणाचा गूळ बसला न्हाई, चिकट झाला, काळा पडला, तर काय करता? काहील बदलता?”

आण्णा हसले. “काहील कशाला बदलू? तिचा काय दोष? ऊस कोवळा आसंल, न्हाईतर खारपड रानातला आसंल. जाळ जास्त झाला आसंल, मळी नीट निघाली नसंल. गुळव्याला इचारायचं, तो सांगतोय नेमकं.”

“आन् काहील बदलली तर?”

“बदला की धा येळा. त्याच उसाचा तसाच गूळ पडणार.”

“मग टर्बो का बदललासा?”

आण्णांचं हसू तिथंच राहिलं.

“पयला टर्बो वाईट नव्हता,” मेस्त्री म्हणाले, “आन् दुसरा डुप्लिकेट नव्हता. दोघंबी उपाशी मेले. समद्या गाडीत सगळ्यात जास्त पळतो त्यो, म्हणून तेल तुटलं की आधी मरतो त्यो. आन् आधी मेला म्हणून नाव बी त्येच्यावरच येतं.” मग सहज विचारल्यागत ते म्हणाले, “आधीचा ड्रायव्हर काय म्हणत हुता?”

बराच वेळ आण्णा बोलले नाहीत. “तेल बदला म्हणत हुता. गाडी लगेच बंद करू नका म्हणत हुता.”

“मग मेस्त्री तुमच्या घरातच हुता की. त्याला तुमी घालवलासा.”

दुरुस्तीला चार दिवस लागले. मेस्त्रींनी टर्बो उघडून आण्णांना दाखवला. “पयल्या येळंलाच थांबला आसतासा, तर नुसता मधला कोर बदलून भागलं आसतं. चक्रं, दांडा आन् बेअरिंग येवढंच नवं. आता बगा, चक्र घासून हवेकडचं घरच वरबाडलंय. चक्र आन् घर ह्यातली फट केसाएवढी पायजे. ती मोठी झाली की हवा दाबली जात न्हाई. आता अख्खाच घ्यावा लागतोय.” इंटरकूलर काढला, तर त्यातून भांडंभर तेल निघालं. पहिल्या टर्बोनं गळलेलं, कुणी न धुतलेलं तेल दीडेक महिना तिथंच साचून होतं आणि घाटात इंजिनानं तेच ओढून घेतलं होतं. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं, तर तळाशी काळा गाळ आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर त्याचाच थर. सगळं धुतलं. तेलाची नळी नवी, पोकळ बोल्ट नवे, वॉशर नवे. परतीची नळी मोकळी आहे का ते फुंकून बघितलं. सांध्याला लाल सिलिकॉन लावायला निघालेल्या बारक्याच्या हातावर मेस्त्रींनी चापट मारली, “तेलाच्या वाटंवर सिलिकॉन लावतोस? त्याचा तुकडा सुटला की परत हेच!” नवा टर्बो बसवताना तेलाच्या भोकातून आधी हातानं स्वच्छ तेल सोडलं, चक्र बोटानं फिरवून ते आत मुरवलं. मग इंजिन सुरू न करता नुसता स्टार्टर मारून तेलाचा दाब तयार केला. ऑइलचा दिवा विझल्यावरच गाडी सुरू झाली, आणि बराच वेळ कुणालाही रेस करू दिली नाही.

बिल देताना आण्णांनी कुरकुर केली नाही. मेस्त्रींच्या हातातली कापलेली नळी मात्र त्यांनी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते बापूंच्या गावी गेले. बापू घरी नव्हते. कुणा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ते कुंभी-कासारी कारखान्याला उसाच्या ट्रॉल्या ओढत होते. कारखान्याच्या बाहेरच्या रांगेत आण्णांनी त्यांना गाठलं. ट्रॅक्टरचं इंजिन संथ चालू होतं. बापूंनी आण्णांना बघितलं, खाली उतरले आणि मगच इंजिन बंद केलं.

आण्णांनी खिशातून नळीचा तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. बापूंनी तो उजेडात धरून आरपार बघायचा प्रयत्न केला. आरपार काही दिसत नव्हतं.

“बापू, तुमी सांगत हुतासा. मी ऐकलं न्हाई. टर्बोचं पैसं तर गेलंच, पर तुमच्यावर नाव घेतलं ते जास्त वाईट झालं. परत या.”

बापू बराच वेळ तुकडा बोटांत फिरवत राहिले. “आण्णा, राग न्हाई माझा. पर ह्या मालकाला हंगामाचा शब्द दिलाय.”

“हंगाम झाल्यावर?”

“त्येनी मला दोन दिवसांत ठेवून घेतलं. काय इचारलं न्हाई, काय ऐकलं न्हाई. आता मी त्येला सोडू?” बापूंनी तुकडा परत दिला. “तुमच्या पोराला रविवारी धाडा माझ्याकडं. गाडीचा आवाज कसा ऐकायचा, पट्टी कशी बघायची, समदं दाखवतो. पोरगं वाईट न्हाई. त्येला कुनी सांगटलंच न्हाई काय.”

बापू परत आले नाहीत. टर्बो पैसे टाकले की मिळतो. बारा वर्षांचा माणूस मिळत नाही, आणि ही त्या दुरुस्तीची खरी किंमत होती. रविवारी पोरगं बापूंकडं गेलं, पुढच्या रविवारीही गेलं. गुऱ्हाळावरच्या खोलीत, मानांकनाच्या कात्रणाच्या शेजारी, आता एक वही टांगलेली आहे. तेल कधी बदललं, किती किलोमीटरला बदललं, याची नोंद तिच्यात पोरगं करतं आणि खाली सही आण्णा करतात. हंगाम असला तरी करतात.

या गोष्टीचं तात्पर्य गाडीपुरतं घेतलं तरी उपयोगी आहे. टर्बो गेला तर नवा टाकण्याआधी तेल, तेलाची नळी, परतीची नळी आणि इंटरकूलर बघा. तेल वेळेवर बदला. चढ चढून आल्यावर गाडी बंद करण्याआधी दोन मिनिटं द्या. नाहीतर नवा टर्बो जुन्याच्या वाटेनं जातो, आणि तो दोष ना कंपनीचा असतो ना ड्रायव्हरचा.

पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. प्रत्येक घरात, कचेरीत, कारखान्यात, शाळेत सगळ्यात जास्त पळणारं कुणीतरी असतं. तेच आधी थकतं, आधी चुकतं, आधी मोडतं, आणि मोडलं म्हणून आपण त्यालाच नालायक ठरवून बदलतो. सून बदलली की घर सुधारेल, कारकून बदलला की काम होईल, शिक्षक बदलला की निकाल लागेल, असं आपल्याला वाटत राहतं. नव्यालाही आपण तीच बुजलेली नळी जोडतो आणि तोही मोडला की नशिबाला बोल लावतो. त्या माणसापर्यंत वेळ पोचत होता का, पगार पोचत होता का, चांगला शब्द पोचत होता का, आणि तो काही सांगत होता तेव्हा आपण ऐकत होतो का, हे विचारायला चार दिवस लागतात. बदलायला एक संध्याकाळ पुरते, म्हणून आपण बदलतो.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या हाताखालचं कुणी मोडलं, तर त्याच्यावर बोट ठेवायच्या आधी एक काम करा. त्याच्याकडं जाणारी वाट एकदा स्वतः सोडून बघा. बहुतेक वेळा ती आपल्याच हातानं बुजवलेली असते.